लालसूचे पाच किलो

५ नोव्हेंबर, बुधवार. वडसा.

ही वही बॉक्सिंग शिकवणाऱ्या रामाजी सरांनी दिली. रोज लालसूचं वजन लिहायचं, दुसरं एक अक्षर लिहायचं नाही, असं बजावून दिली. पण वही दोनशे पानी आहे आणि वजन अर्ध्या ओळीत संपतं. उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. सरांनी मागितलीच तर वजनं वेगळ्या कागदावर उतरून देईन.

आज मिलच्या धानाच्या काट्यावर लालसू : पंचावन्न किलो दोनशे ग्रॅम. अंगावर फक्त चड्डी. मी विचारलं, चड्डीचे शंभर ग्रॅम वजा करू का? सर म्हणाले, "तू तुही अक्कल वजा नको करू नबील, आधीच कमी हाय."

लालसूची उंची पाच फूट अकरा इंच. पाठमोरा उभा राहिला की मणके मोजता येतात. हा पोरगा बॉक्सर आहे असं सांगितलं तर मिलमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. तेरा डिसेंबरला चंद्रपुरात राज्य स्पर्धा आहे आणि त्याने पन्नास किलोच्या गटात उतरायचं असं सरांनी ठरवलंय. पाच किलो दोनशे ग्रॅम, अडतीस दिवसांत. राज्यात पदक आलं तर वनरक्षकाच्या भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज टाकता येतो. नाही आलं तर तो भामरागडकडे गावी परत जाणार, मायसोबत मोहफुलं वेचायला. हे त्याने मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा सारख्याच शब्दांत, म्हणजे पाठ केलं असावं.

मी चंद्रपूरचा. अब्बांचं गादी-रजईचं दुकान आहे. दहावीत दोनदा आपटलो, मग मोहर्लीला ताडोबाच्या जिप्सीवर पोऱ्या होतो, मग नाटक कंपनीत लाईट धरायला. दिवाळीपासून या राईस मिलमध्ये काट्यावर. लालसू पोती टाकतो. दोघांची खोली एकच, मिलच्या मागे.


८ नोव्हेंबर

५४.६

सर स्वतः पाच फूट तीन इंच. तरुणपणी एका उंच पोराने त्यांना तीन राउंड जवळ येऊ दिलं नव्हतं. ती हार ते अजून जपून आहेत. आज व्यायामशाळेत सगळ्यांसमोर त्यांनी लालसूचा डावा हात स्वतःच्या कपाळावर ठेवून घेतला आणि मुठी हाणायला लागले. सगळ्या मुठी हवेत.

"पाह्य! लागून राह्यलं का तुले काही? पन्नासमधले सारे माह्याएवढेच राहतात. तू नुसता हात लांब ठेव, बाकी देवाने देऊन ठेवलं तुले."

लालसू म्हणाला, "सर, तो तुमचा उंचवाला पोट्टा उपाशी होता का?"

पोरं हसली. सर म्हणाले, "बोलू नको जास्त. बोलल्यानं भूक लागते."

मागच्या वर्षी लालसू पंचावन्नमध्ये खेळला होता. समोरच्याची मान रेड्यासारखी. दुसऱ्या राउंडला खेळ संपला.


१२ नोव्हेंबर

५४.१. सकाळी एक भाकर, दुपारी उकडलेली अंडी, पांढरं तेवढंच. पिवळं मी खातो. मी जाडा होऊन राहिलोय.

सुई शोधायला त्याची पेटी उघडली तर आत सिकलसेलचं कार्ड. आमच्या भागात शाळेत शिबिर होतं, रक्त काढतात आणि कार्ड देतात. मायबाप दोघांकडून दोष आला तर तो रोगी. सांधे धरतात, रक्त चढवावं लागतं. एकाकडूनच आला तर वाहक. लालसू वाहक आहे. वाहकाला काही होत नाही, शिबिरातली सिस्टर हेच सांगते. फक्त वाहकाने वाहकाशी लग्न करू नये, लेकरं रोगी निघू शकतात.

मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. प्रिया म्हणून शेजारच्या गावची पोरगी, गडचिरोलीत नर्सिंग शिकते. तीपण वाहक. लालसूची माय सोनीबाई मागणी घालायला गेली तेव्हा पोरीच्या बापाने दोन्ही कार्डं चटईवर शेजारी ठेवली, लोक पत्रिका ठेवतात तशी. पाहिली आणि म्हणाला, नाई जमत बाई.

"मग ठेवलं काहाले हे?" मी म्हणालो. "फाडून टाक ना. लग्नाचंच तर काम होतं त्याचं."

"राहू दे," म्हणाला आणि पेटी बंद केली. सुई मिळालीच नाही. माझी पँट अजून उसवलेली आहे.


१६ नोव्हेंबर

५३.५


२२ नोव्हेंबर, शनिवार

पाच दिवस वही कोरी. झालं असं की सोमवारी सायकलीत हवा भरायला चौकात गेलो, तर तिथे जुन्या नाटक कंपनीचा ट्रक उभा. लाईटवाला तापाने पडला होता. म्हणाले, चाल बे नबील, दोन प्रयोग. दोनाचे चार झाले. सिंदेवाहीकडच्या एका गावात साप बघून हिरॉइनचा आवाजच गेला आणि पब्लिकला वाटलं तो सीन आहे, टाळ्या पडल्या. ते सगळं लिहायला बसलो तर पहाट होईल.

आलो तर सरांनी काट्याकडे नुसतं बोट केलं. ५२.९. मी नसताना लालसू स्वतःच चढायचा आणि कोळशाने भिंतीवर आकडे लिहायचा. पाच आकडे, एकाखाली एक, सुंदर अक्षर. मला लाज वाटली. मी आणलेलं चिवड्याचं पाकीट बाहेरच्या बाहेर कुत्र्याला टाकलं.

"काऊन गेलता?" त्याने विचारलं.

"असाच."

"तू कुठी टिकत काऊन नाई बे?"

मी म्हणालो, वजन कमी हाय माझं, वारा आला की उडतो. तो हसला नाही. डाव्या बरगडीखाली हात धरून बसला होता. दोरीवरच्या उड्यांनी चमक भरली म्हणे.


२८ नोव्हेंबर

५२.४. आज ब्रह्मपुरीहून तीन पोरं सरावाला आणली होती, सगळी पन्नास-एक्कावन्नची. लालसू आणि ती पोरं समोरासमोर उभी राहिली तर असं वाटलं की मास्तर आणि विद्यार्थी.

पण काय खेळला! मला बॉक्सिंगमधलं फार कळत नाही, मला त्यातली मारामारी आवडतच नाही. पण हे वेगळं होतं. डावा हात लांब, पोरगं पुढे आलं की टक. पुन्हा आलं की टक. बगळा पाण्यात उभा राहतो ना, हलत नाही, आणि मासा चोचीत कधी गेला ते दिसत नाही, तसं. तिसरं पोरगं तर रडकुंडीला आलं. म्हणालं, "सर, याले खाली बसून खेळायले सांगा."

रामाजी सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डोळे पुसत होते असं मला वाटलं. नंतर म्हणाले भुसा गेला डोळ्यात.

लालसू पदक आणणार. मी पैजेवर सांगतो.


४ डिसेंबर

५१.८. चार दिवसांपासून काटा हलत नाही. सरांनी मीठ बंद केलं. खताच्या पिशव्यांचं प्लास्टिक शिवून अंगरखा केलाय, तो घालून लालसू लाखांदूर रोडने पळतो आणि मी मागे सायकलवर. आज मधेच थांबला. पोटऱ्या धरल्या. मी चोळून दिल्या तर लाकडासारख्या लागल्या.

मला शंका येते कधीकधी. माणसाच्या अंगात पाच किलो जास्तीचे असतात तरी कुठे? याच्या अंगात तर नव्हतेच. मग आपण काढतोय काय? सरांना विचारलं. म्हणाले, "पाणी. अर्धा माणूस पाणी राहते. वजन झालं की पुन्हा भरून घेता येते, टाकीसारखं." पटलं. टाकी तर रिकामी होते आणि भरतेही.

प्रियाच्या आठवणीत झुरतोय, हेपण असेल. डोळे पिवळट दिसतात. प्रेमात माणूस पिवळा पडतो असं आमच्या नाटकात होतं.


९ डिसेंबर, मंगळवार

५१.१

लालसूचा फोन सरांनी जमा करून घेतलाय. म्हणून प्रियाने माझ्या फोनवर केला. नंबर कुठून मिळाला देव जाणे.

"तुमी नबील ना? लालसूले द्या जरा."

"तो झोपलाय," मी म्हणालो. तो समोर पोती लावत होता.

"मग सांगजा त्याले. आमच्या सिस्टरले विचारलं मी. वाहक असला तरी अंग असं वाळवू नये म्हणते. पाणी तोडायचं नाई अजिबात. पोटात, पायात दुखून राह्यलं असलं तर लगेच दवाखान्यात. कार्ड दाखवा म्हणा तुमच्या सरांले. सांगसाल ना?"

"कार्डाचं काम लग्नात, ताई. इथी बॉक्सिंग चालू हाय."

ती म्हणाली, "लग्नाचं नाई बोलून राह्यली मी. सांगसाल ना?"

हो म्हणालो आणि फोन ठेवला.

नाही सांगितलं. खरं लिहितो. चार दिवस राहिले असताना पोरीचा फोन आला असं कळलं तर पोरगा खलास. नाटकात मी पन्नास वेळा पाहिलंय, युद्धाच्या आधी नायिका येते आणि म्हणते, जाऊ नका. तिचं प्रेम आहे म्हणून घाबरते. आजाराचं निमित्त. तेराला लढत झाली की सांगेन, मीच दोघांना भेटवेन.

पोत्यामागून लालसूने विचारलं, "कोण होतं बे?"

"इकरा," म्हणालो. "माही बहीण."


११ डिसेंबर

पहाटे ५०.९. सरांनी कालपासून पाणी तोडलं. फक्त चूळ भरायची.

या मिलमध्ये उसना तांदूळ निघतो. म्हणजे धान भिजवून वाफेवर उकडतात, मग वाळवून भरडतात. वाफेच्या टाक्यांमागे एक बोळ आहे, तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की शर्ट पिळून काढावा लागतो. बॉयलरवाले चैतूभाऊ आत सोडायला तयार नव्हते.

"इथी धान उकडतात, माणूस नाई."

सर म्हणाले, "वीस मिनिटं फक्त, चैतूभाऊ."

लालसू प्लास्टिकचा अंगरखा घालून आत बसला. मी दारात, वेळ मोजायला. आधी तो आकडे म्हणत होता, मग गाणं, मग काहीच नाही. चैतूभाऊंनीच ओढून बाहेर काढला. "कोरडा पडला हा," म्हणाले. "पाहा, घाम येणं बंद झालं. उकडलेल्या धानालेही पाणी सुटते बाप्पा."

नंतर तो मोरीत गेला आणि मला हाक मारली. लघवी दाखवली. काळ्या चहासारखी. सरांना सांगितलं. मला वाटतं ते घाबरले. मग म्हणाले, "गरमी निघून राह्यली. आमचीही होत होती." मी सरांचं ऐकलं. तीस वर्षं पोरं खेळवतायत ते.

संध्याकाळी ५०.४.


१२ डिसेंबर, शुक्रवार. चंद्रपूर.

सकाळच्या गाडीने निघालो. हॉटेल नको, मी म्हणालो, आमचं घर आहे. आठ महिन्यांनी घरी आलो. अब्बा दुकानात कापसात बसलेले. लालसूकडे वर बघत गेले, बघतच गेले.

"ये पूरा है, के और आनेवाला है?"

पहिल्यांदा हसला तो, कित्येक दिवसांनी. ओठ फाटून रक्त आलं.

अम्मीने पाणी आणलं. लालसूने हात जोडले. तिला वाटलं, आमच्या घरचं चालत नसेल. तिचा चेहरा उतरला. मी घाईघाईने सांगितलं, अम्मी, वजनासाठी आहे, उद्यापर्यंत पाणी बंद.

"तौबा," अम्मी म्हणाली. "रोजा भी शाम को छूटता है बेटा. ये कौनसा रोजा है?"

पेला तिथेच राहिला. लालसू त्याच्याकडे पाहत होता. मी उचलून आत नेला. नेता नेता अर्धा मीच पिऊन टाकला, का ते माहीत नाही, मला तहान नव्हती.

स्पर्धेचा फॉर्म माझ्या अक्षरात भरला. "कोणता आजार आहे का" या ओळीसमोर पेन थांबलं. वाहक हा आजार नव्हे, सिस्टरच सांगते. पण प्रियाने विचारलेली ती दुसरी सिस्टर काय म्हणाली होती? मी सरांकडे पाहिलं, सर बुटांचे बंद सोडत होते. "नाही" लिहिलं.

अब्बांनी नवी गादी घातली त्याला. म्हणाले, इतनी हड्डियाँ, चुभती होंगी. तो झोपला नाही. कुशी बदलत होता, डाव्या कुशीवर येताच कण्हायचा.


१३ डिसेंबर

सकाळी सात वाजता वजन. ४९.९००.

सर काट्यासमोर खाली वाकले आणि जमिनीला हात लावला. लालसू उतरला तेव्हा मी पकडला नसता तर पडला असता. मग पाणी, ग्लुकोज, केळी, पुन्हा पाणी. अर्धं बाहेर आलं. डॉक्टरने नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, सही केली. मागे ऐंशी पोरं रांगेत होती.

दुपारी लढत. समोरचा सांगलीकडचा, लालसूच्या छातीएवढा. पहिला राउंड बगळ्याचा. टक, टक. माझ्या बाजूचा माणूस म्हणाला, हा कोण बुवा, गडचिरोलीचा ताड? मी छाती फुगवून सांगितलं, माझा रूममेट आहे.

दुसऱ्या राउंडला एक मिनिट झालं असेल. कोणी मारलं नाही. मी शपथेवर लिहितो, कोणी हात लावला नाही. त्याचे पाय वाकले आणि तो हळूच खाली बसला, पोरं बाकावर बसतात तसा.

"ऊठ बे!" सर ओरडले. "लागलं तरी का तुले? ऊठ!"

लालसू म्हणाला, "सर, पाय सापडून नाई राह्यले."

पंच आकडे मोजत होते. आठ झाले, नऊ झाले. सर अजून ऊठ म्हणत होते, पण आता हळू, समजूत काढल्यासारखं.


१४ डिसेंबर. सरकारी दवाखाना.

रात्रभर बाकावर. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "आधीचा काही आजार? सिकलसेल वगैरे?"

मी म्हणालो, "नाई मॅडम. म्हणजे वाहक हाय. पण त्याचं आता काही नाई, लग्न तुटलं त्याचं."

त्यांचं पेन थांबलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, मी भलत्या भाषेत बोललो असल्यासारख्या.

"पाणी कधीपासून तोडलं?"

"बुधवारपासून."

मग त्यांनी सांगितलं. वाहकाला एरवी काही होत नाही. पण असं वाळवून पळवलं, तापवलं, की रक्त नसांत अडकतं, मांस आतून फुटतं आणि ते किडनीत जाऊन बसतं. प्लीहेलाही मार लागला आहे, ती डाव्या बरगडीखाली असते. इथपर्यंत ऐकलं. बरगडीचं ऐकल्यावर पुढचं ऐकू आलं नाही.

किडन्या बंद आहेत. मशीनवर रक्त धुतात. परत चालू होतील का विचारलं तर म्हणाल्या, पंधरा दिवस बघू, महिना बघू.

सर बाहेर पायऱ्यांवर बसले आहेत. आत येत नाहीत. मी चहा नेला. म्हणाले, "माह्या वेळी कोणाले काही झालं नाई रे." तीनदा तेच म्हणाले. मी माझं काही सांगितलं नाही.


१५ डिसेंबर

वजन ५८. पाणी बाहेर पडत नाही म्हणून फुगलाय. गाल आलेत. परिचारिकेने आकडा सांगितला आणि माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला.


१८ डिसेंबर, गुरुवार

सोनीबाई परवा आल्या. दोन बस बदलून, हातात कापडाची पिशवी. मराठी थोडंच येतं. पलंगाशी बसून लालसूच्या कपाळावर हात ठेवतात, दिवसभर.

आज प्रिया आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी आहे, चष्मा आहे, नाटकातल्या कोणासारखीच नाही. आधी तिने मशीनचे आकडे वाचले, मग फाइल, मग पायांवर बोट दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"मी फोन केलता. सांगतलं होतं का तुमी याले?"

सोनीबाई पाहत होत्या. सर दारापर्यंत आले होते, पहिल्यांदाच.

"सांगतलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"तोच नाई म्हणे."

हे कुठून आलं माझ्या तोंडात, मला माहीत नाही. ठरवलं नव्हतं. लालसूने डोळे उघडले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. मला वाटलं, बोल बाबा, बोलून टाक.

"हाव," लालसू म्हणाला. "मीच नाई म्हणलो."

प्रियाने चष्मा काढला. "माहं ऐकलं असतं तर काय गेलं असतं तुहं?"

तिने काय सांगितलं होतं, ते त्याला कुठे ठाऊक होतं? तो नुसती मान हलवत राहिला, सगळं कबूल असल्यासारखा. ती फाइल जागेवर ठेवून बाहेर गेली. सर बाजूला झाले तिला वाट द्यायला. सोनीबाईंनी त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी विचारलं. त्याने दोन शब्दांत उत्तर दिलं. मला माडिया येत नाही. त्यांनी त्याच्या कपाळावरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने त्या पाणी आणायला उठल्या. आम्ही दोघंच राहिलो. बाहेर बल्लारपूरची बस लागली होती, कंडक्टरची हाक आत ऐकू येत होती. या वेळी मी उठलो नाही.

"नबील," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "काय म्हणे ती फोनवर?"

मी सांगितलं. ती जशी बोलली होती तसंच, एक शब्द न गाळता. सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.